उत्तराआधी प्रश्न परत सांगणारी यंत्रणा

“मागच्या तिमाहीत ज्यांनी तक्रार नोंदवली आणि तरीही त्यानंतर पुन्हा खरेदी केली, असे ग्राहक किती?” हा प्रश्न कोणालाही एका वाचनात कळतो. हीच माहिती डेटाबेसमधून काढायची म्हटली, की तक्रारी कोणत्या टेबलमध्ये आहेत, खरेदीची नोंद कुठे होते, दोन्हीकडे ग्राहकाची ओळख एकाच क्रमांकाने ठेवली आहे का आणि तिमाही नेमक्या कोणत्या क्षणी संपते, हे सारे ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक असणारी माणसे बहुतेक संस्थांत मोजकीच असतात. ज्याला प्रश्न पडतो तो एक आणि ज्याला क्वेरी, म्हणजे डेटाबेसला कळेल अशा भाषेतला प्रश्न, लिहिता येते तो दुसरा, अशी ही विभागणी झाली की दोघांच्या मध्ये विनंत्यांची रांग लागते. रांगेतला प्रश्न शिळा होतो, आणि पुष्कळ प्रश्न तर रांगेच्या धास्तीने विचारलेच जात नाहीत. साध्या भाषेत डेटाबेसला प्रश्न विचारण्याची साधने हे अंतर कमी करू पाहतात, आणि हा प्रयत्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

अशा साधनांसोबत काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहीत आहे. साध्या भाषेतल्या प्रश्नाला उत्तर मिळते का, ही आता फारशी अवघड कसोटी उरलेली नाही, कारण उत्तर जवळजवळ नेहमीच मिळते. अवघड गोष्ट ही, की मिळालेला आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विचारणाऱ्याला समजणे. क्वेरी चुकीच्या व्याकरणाने लिहिली गेली तर डेटाबेस ती नाकारतो आणि चूक लगेच उघडी पडते. क्वेरी शुद्ध असूनही वेगळ्याच अर्थाची असली तर डेटाबेस ती मुकाट्याने चालवतो आणि नीटनेटका आकडा समोर ठेवतो. म्हणून उत्तर देण्याआधी ‘मला तुमचा प्रश्न असा समजला’ हे परत सांगणे मी अशा यंत्रणेचे पहिले काम मानतो.

हे मत नवे नाही, आणि अशी साधनेही नवी नाहीत. १९६१ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत तयार झालेला ‘बेसबॉल’ नावाचा प्रोग्रॅम अमेरिकन लीगच्या एका हंगामातील सामन्यांविषयी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत असे. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी विल्यम वुड्स यांच्या ‘लूनार’ या प्रणालीने चंद्रावरून आणलेल्या खडकांच्या रासायनिक विश्लेषणाची माहिती भूवैज्ञानिकांना त्यांच्याच भाषेत विचारता येईल अशी सोय केली. १९७१ मध्ये चांद्रविज्ञानाच्या एका परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले तेव्हा शास्त्रज्ञांच्या सुमारे ७८ टक्के प्रश्नांची तिने बरोबर उत्तरे दिली, आणि शब्दकोशातील किरकोळ उणिवा दुरुस्त केल्यावर हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत गेले. त्या काळच्या संगणकांचा विचार केला तर हे यश थक्क करणारे आहे. त्यामागचे एक कारण मात्र विसरता येत नाही: खडक, खनिज, मूलद्रव्य आणि प्रमाण एवढेच त्या प्रणालीचे जग होते, आणि त्या जगातल्या शब्दांचे अर्थ विचारणाऱ्यांच्या शास्त्राने आधीच ठरवून ठेवलेले होते. संस्थांच्या रोजच्या व्यवहारातल्या शब्दांना असे ठरलेले अर्थ नसतात.

ही अडचण सर्वांत स्पष्टपणे ओळखली ती संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी. १९७० मध्ये त्यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवण्याची कल्पना, मांडले, ज्याच्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. १९७४ मध्ये त्यांच्याच कंपनीतले, म्हणजे आयबीएममधले, डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सिक्वेल’ ही क्वेरी लिहिण्याची भाषा मांडली, जी पुढे एसक्यूएल या नावाने जगभर गेली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली. त्याच १९७४ साली कॉड स्वतः एका वेगळ्याच गोष्टीवर लिहीत होते. ज्याला कोणतीही क्वेरीची भाषा येत नाही, जो अधूनमधूनच डेटाबेसकडे वळतो, अशा माणसाशी प्रणालीने कसे बोलावे, याच्या सात पायऱ्या त्यांनी मांडल्या आणि त्या प्रणालीला ‘राँदेव्हू’ असे नाव दिले. प्रश्नात काही अस्पष्ट असेल तर प्रणालीने मर्यादित स्वरूपाची विचारपूस करावी. समजलेला प्रश्न तिने स्वतःच्या नेमक्या शब्दांत परत मांडावा. प्रश्न ठरवणे आणि डेटा शोधणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत. काहीच जमले नाही तर पर्याय समोर ठेवून निवड करू द्यावी. आणि नव्या शब्दांच्या व्याख्या करण्याची सोय असावी. मला या मांडणीचे विशेष वाटते ते असे, की रिलेशनल मॉडेलसारखी काटेकोर गणिती कल्पना देणाऱ्या माणसाने भाषेच्या प्रश्नावर गणिताचा नव्हे, संभाषणाचा उपाय सुचवला.

अनेक डेटाबेसचा प्रश्नही तितकाच जुना आहे. १९७८ मध्ये एसआरआय या अमेरिकी संशोधन संस्थेतील गॅरी हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅडर’ प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकी नौदलाच्या जहाजांची माहिती वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली होती, आणि विचारणाऱ्याला ती कुठे आहे हे माहीत असण्याची गरज पडू नये, असा त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी तीन थर केले: एक थर इंग्रजी प्रश्नाचा अर्थ लावणारा, दुसरा त्या अर्थासाठी कोणत्या फाइलींतून काय आणावे हे ठरवणारा आणि तिसरा त्या फाइली प्रत्यक्ष कुठल्या संगणकावर आहेत हे शोधणारा. आज अनेक डेटाबेसवर संवादाची यंत्रणा बांधणाऱ्यांच्या आराखड्यात मला बहुधा हेच तीन थर दिसतात, फक्त पहिल्या थराच्या जागी भाषा मॉडेल, म्हणजे प्रचंड मजकुरावरून भाषा शिकलेला प्रोग्रॅम, आलेले असते.

हा बदल खरोखरच मोठा आहे. जुन्या प्रणालींना प्रत्येक नव्या विषयासाठी व्याकरणाचे नियम आणि शब्दकोश हाताने लिहावे लागत, आणि वाक्यरचना थोडी बदलली तरी त्या अडत. भाषा मॉडेलाला वाक्य कसेही फिरवून विचारले, अर्धवट लिहिले किंवा शुद्धलेखन चुकले, तरी ते अडत नाही. त्यामुळे भाषेचा प्रश्न सुटला, असा समज होतो. संशोधकांनी तयार केलेल्या चाचण्यांचा क्रम पाहिला की तो समज टिकत नाही. २०१७ च्या ‘विकीएसक्यूएल’ या संचातील प्रत्येक प्रश्न एकाच टेबलपुरता होता आणि मॉडेले तिथे लवकरच तरबेज झाली. २०१८ मध्ये येल विद्यापीठातून ‘स्पायडर’ हा संच आला. त्यात २०० डेटाबेस आणि दहा हजारांहून अधिक प्रश्न होते, आणि मॉडेलाने आधी न पाहिलेल्या डेटाबेसवर उत्तर द्यावे अशी अट होती. २०२३ च्या ‘बर्ड’ या संचात खऱ्या जगातल्यासारखा अस्वच्छ डेटा आणि प्रश्नाबाहेरच्या माहितीची गरज आली, तेव्हा माणसांची अचूकता सुमारे ९३ टक्के असताना त्या वेळच्या जीपीटी-४ या भाषा मॉडेलाची अचूकता ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली. २०२४ च्या ‘स्पायडर २.०’ मध्ये तर मोठ्या कंपन्यांत असतात तसे हजारहून अधिक कॉलम असलेले डेटाबेस आणि अनेक टप्प्यांची कामे घेतली, आणि त्या काळातल्या चांगल्या मॉडेलांना एक चतुर्थांश कामेसुद्धा जमली नाहीत. पुढच्या मॉडेलांनी हे आकडे वर नेले आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की या सर्व चाचण्यांत प्रश्नांची भाषा साधारण तितकीच सोपी राहिली. अवघड होत गेला तो डेटा. शिवाय चाचणीत बरोबर उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. प्रत्यक्ष कामात असे उत्तर कोणाकडेच नसते, म्हणून तर प्रश्न विचारलेला असतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो आणि तो एका काल्पनिक पण सर्रास आढळणाऱ्या मांडणीवर चालवून पाहतो. समजा, खरेदीच्या ऑर्डरी पोस्टग्रेसमध्ये आहेत, तक्रारी मोंगोडीबीमध्ये डॉक्युमेंटच्या रूपात साठवल्या आहेत, संकेतस्थळावरच्या हालचालींच्या नोंदी इलास्टिकसर्चमध्ये जातात आणि जुना हिशेब ओरॅकलमध्ये आहे, म्हणजे चार वेगवेगळ्या प्रकारचे डेटाबेस आहेत. विचारणाऱ्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ हा एकच आहे. डेटाच्या दृष्टीने तो ऑर्डरींमध्ये एक क्रमांक आहे, तक्रारींमध्ये ईमेल पत्ता आहे, हालचालींच्या नोंदींमध्ये ब्राउझरची खूण आहे आणि जुन्या हिशेबात आणखी वेगळा क्रमांक आहे. एका ग्राहकाने दोन ईमेल वापरले असतील, तर तो तक्रारींच्या बाजूला दोन माणसे होतो. मॉडेल अशा वेळी बहुधा काहीतरी जुळवून घेते, उदाहरणार्थ ईमेलवरून जोडते, आणि ज्यांचे ईमेल जुळले नाहीत ते ग्राहक गणनेतून गळतात. गळलेल्यांची संख्या उत्तरासोबत सांगितली नाही, तर उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचे साधनच विचारणाऱ्याकडे राहत नाही.

डेटाबेस वेगळे असले की त्यांच्या सवयीही वेगळ्या असतात, आणि या सवयी उत्तरात शिरतात. पोस्टग्रेसमध्ये २ या पूर्णांकाला ५ या पूर्णांकाने भागले तर उत्तर ० येते; मायएसक्यूएल या आणखी एका डेटाबेसमध्ये आणि ओरॅकलमध्ये तेच ०.४ येते. परत आलेल्या वस्तूंचे प्रमाण काढणारी एकच क्वेरी एका ठिकाणी शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी ४० टक्के सांगू शकते. ओरॅकल रिकामी अक्षरमाला, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, आणि ‘नल’, म्हणजे माहितीच नसणे, या दोन गोष्टी एकच मानतो. पोस्टग्रेस त्या वेगळ्या मानतो. मायएसक्यूएलमध्ये नेहमीच्या मांडणीत लहान आणि मोठ्या लिपीतली रोमन अक्षरे तुलना करताना सारखी धरली जातात, पोस्टग्रेसमध्ये ती वेगळी असतात. मोंगोडीबीमध्ये एखाद्या फील्डची किंमत नल आहे का असे विचारले, तर ज्या डॉक्युमेंटांत ते फील्डच नाही तीही उत्तरात येतात. इलास्टिकसर्चमध्ये वेगवेगळ्या किमती किती आहेत याची मोजणी वेगासाठी अंदाजाने केली जाते, त्यामुळे मोठ्या संख्यांना ती नेमकी नसते, आणि हे त्याच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेले आहे. या प्रत्येक निवडीमागे कारण आहे आणि ज्या त्या डेटाबेसच्या जाणकाराला ती पाठ असते. साध्या भाषेत विचारणाऱ्याला मात्र चार डेटाबेसमधून आलेले चार आकडे एकाच ओळीत, एकाच आत्मविश्वासाने दिसतात.

काळाच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. मोंगोडीबी तारीख-वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतो, तर पोस्टग्रेसमध्ये कालपट्ट्याची माहिती नसलेला प्रकारही वापरता येतो आणि त्यात स्थानिक वेळ लिहिलेली असू शकते. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आलेली तक्रार आणि त्याच रात्रीची खरेदी मग वेगवेगळ्या तिमाहींत पडू शकतात. प्रश्नात तर ‘तक्रारीनंतर’ अशी अट आहे. दोन घड्याळे जुळवली नाहीत, तर नंतरची खरेदी आधीची ठरू शकते. त्यात क्वेरीमध्ये शेवटची तारीख नुसती तारीख म्हणून लिहिली आणि कॉलममध्ये वेळही असली, तर ती तारीख मध्यरात्रीच्या ठोक्यावर थांबते आणि शेवटचा पूर्ण दिवस गणनेतून जातो. या चुकीने कोणतीही क्वेरी मोडत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती शून्याची. ‘ज्यांनी कधीच तक्रार केली नाही असे ग्राहक दाखव’ अशा प्रश्नासाठी एसक्यूएलमध्ये ‘नॉट इन’, म्हणजे ‘या यादीत नसलेले’ ही अट, वापरले आणि तक्रार करणाऱ्यांच्या यादीत एक जरी नल किंमत असली, तर भाषेच्या तर्कानुसार एकही ओळ परत येत नाही. प्रश्न एका लिपीत विचारला आणि डेटामधली नावे दुसऱ्या लिपीत साठवलेली असली, तरी हेच होते: अट शुद्ध, जुळणी शून्य. यंत्रणा मग शांतपणे सांगते की असे कोणीही नाही. ‘असे कोणी नाही’ आणि ‘मला असे कोणी सापडले नाही’ यांतला फरक माणसाच्या बोलण्यात आपोआप येतो. यंत्रणेत तो मुद्दाम आणावा लागतो. शून्य ओळी आल्या की अटी एकेक करून सैल करून पाहाव्यात आणि कोणत्या अटीपाशी सगळ्या ओळी गळल्या हे सांगावे, एवढी गोष्ट केली तरी विश्वासार्हता खूप वाढते.

शून्यासारखाच दुसऱ्या टोकाचा धोका फुगलेल्या बेरजेचा. एका ऑर्डरीवर तीन तक्रारी असतील आणि ऑर्डरी तक्रारींशी जोडून रक्कम मिळवली, तर ती ऑर्डर तीनदा मोजली जाते. अनुभवी माणूस अशी जोडणी पाहताच थबकतो. मॉडेलही विचारले तर थबकते, पण विचारायला हवे हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते.

विखुरलेला डेटा एकत्र आणण्याचे काम कोणी करावे, याविषयी माझे मत ठाम आहे. काही यंत्रणांत मॉडेल प्रत्येक डेटाबेसला वेगळी क्वेरी पाठवते, परत आलेल्या ओळी स्वतः वाचते आणि त्यांची जुळवाजुळव व बेरीज स्वतःच्या उत्तरातच करते. दहा-वीस ओळींपर्यंत हे ठीक दिसते. ओळी वाढल्या की त्यांतल्या काही निसटतात, बेरीज अंदाजे होते, आणि कुठे काय निसटले याचा मागही राहत नाही. जुळवणी आणि गणित नेहमी गणन करणाऱ्या इंजिनाकडेच असावे. त्यासाठी साधने तयार आहेत: फेसबुकमध्ये सुरू झालेल्या प्रेस्टो या प्रकल्पातून पुढे आलेले ट्रिनो हे इंजिन अनेक प्रकारच्या डेटाबेसना एकाच एसक्यूएलमधून जोडते, आणि पोस्टग्रेसमध्येही बाहेरच्या डेटाबेसमधली टेबले आपल्याच टेबलांसारखी वापरण्याची सोय पुष्कळ वर्षांपासून आहे. अशी व्यवस्था असली की मॉडेलाला एकच क्वेरी लिहायची असते, ती जपून ठेवता येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवून तपासता येते. हालचालींच्या नोंदींसारखा प्रचंड साठा मात्र एसक्यूएलमधून ओढण्यापेक्षा त्याच्या मूळ क्वेरीच्या भाषेतच आधी गोळा करून मग आणणे योग्य ठरते, आणि कुठे काय करावे हा निर्णय यंत्रणा बांधणाऱ्याने आधी घेऊन ठेवावा, प्रत्येक प्रश्नागणिक मॉडेलावर सोडू नये.

आता प्रश्न परत सांगण्याविषयी. फोनवर काळजीपूर्वक पत्ता लिहून घेणारा माणूस शेवटी तो वाचून दाखवतो, आणि वाचून दाखवताना तो आपण लिहिलेले वाचतो, समोरच्याने उच्चारलेले आठवून म्हणत नाही. डेटाबेसच्या संवादात हीच गोष्ट पुष्कळदा उलटी केली जाते. मॉडेल विचारणाऱ्याचे वाक्य थोडे बदलून परत म्हणते, ‘मागच्या तिमाहीत तक्रार करून पुन्हा खरेदी केलेल्या ग्राहकांची संख्या काढत आहे’, आणि खाली क्वेरी वेगळेच काही करत असते. असे परत म्हणणे म्हणजे प्रतिध्वनी आहे, त्यातून काहीच तपासले जात नाही. परत सांगणे क्वेरीवरून तयार व्हायला हवे, आणि शक्य असेल तर मूळ प्रश्न न दाखवता. तयार क्वेरी एका वेगळ्या पायरीवर द्यावी आणि ती काय करते हे साध्या भाषेत लिहून घ्यावे. मग वाक्य असे येते: ‘ज्या ग्राहकांची किमान एक तक्रार १ जानेवारीपासून ३१ मार्च सुरू होतानाच्या मध्यरात्रीपर्यंत नोंदवली गेली आणि ज्यांची किमान एक ऑर्डर तक्रारीच्या तारखेनंतर कधीही आली, अशांची संख्या, रद्द झालेल्या ऑर्डरीही धरल्या आहेत, ईमेल न जुळलेले ग्राहक वगळले आहेत.’ हे वाक्य वाचताच कोणीही म्हणेल, की रद्द झालेल्या ऑर्डरी नको होत्या, आणि ३१ मार्चचा दिवस कुठे गेला? त्यासाठी एसक्यूएल येण्याची गरज नाही. कॉड यांच्या सूचनेचे खरे बळ मला इथे दिसते.

उलट प्रश्न विचारण्यालाही मर्यादा हवी. प्रत्येक शब्दावर खुलासा मागणारी यंत्रणा कोणी दुसऱ्यांदा वापरत नाही. मला एक रीत उपयोगी वाटते: प्रश्नाचे दोन वाजवी अर्थ निघत असतील आणि क्वेरी हलक्या असतील, तर दोन्ही चालवून पाहाव्यात. दोन्हींचे उत्तर एकच आले, तर विचारणाऱ्याला अडवण्याचे कारण नाही. उत्तरे वेगळी आली, तर दोन्ही आकडे त्यांच्या अर्थासह समोर ठेवावेत आणि निवड त्याच्यावर सोडावी. ‘खरेदी म्हणजे ऑर्डर दिली तो क्षण की पैसे पोहोचले तो क्षण?’ हा प्रश्न अमूर्त स्वरूपात विचारला तर माणूस गोंधळतो. दोन आकडे शेजारी दिसले की त्याला आपल्याला काय हवे होते ते चटकन कळते.

संवाद लांबत गेला की आणखी एक अडचण येते. पहिल्या उत्तरानंतर माणूस विचारतो, ‘आणि त्याआधीच्या तिमाहीत?’ मग, ‘त्यातले नवे किती?’ मग, ‘बरे, आता सगळ्यांची सरासरी सांग.’ असे तुटक प्रश्न समजून घेण्याची क्षमता लॅडरमध्येही काही प्रमाणात होती, आणि २०१९ मध्ये तयार झालेले ‘स्पार्क’ आणि ‘कोएसक्यूएल’ हे संच याच क्षमतेच्या चाचणीसाठी होते. आजची मॉडेले तुटक प्रश्न सहज जोडतात. पण ‘सगळ्यांची’ म्हणजे त्या नव्या ग्राहकांपैकी सगळ्यांची, की तक्रार केलेल्या सगळ्यांची, की डेटाबेसमधल्या सगळ्यांची, हे वाक्यात नसते. मागची अट मुकाट्याने पुढे आली किंवा मुकाट्याने गळाली, तरी उत्तराचे रूप सारखेच दिसते. म्हणून प्रत्येक उत्तरासोबत त्या घडीला लागू असलेल्या साऱ्या अटी पूर्ण लिहिलेल्या असाव्यात आणि त्यांतली एखादी बोटाने काढून टाकता यावी, असे मी आग्रहाने म्हणतो. बोलणे तुटक असू द्यावे, कारण ते माणसाचे स्वाभाविक बोलणे आहे. नोंद मात्र दर वेळी पूर्ण वाक्याची असावी.

व्याख्यांचे काम कोणतेही मॉडेल आपल्यासाठी करू शकत नाही. ‘सक्रिय ग्राहक’ म्हणजे गेल्या ३० दिवसांत आलेला की ९० दिवसांत खरेदी केलेला, हे डेटामध्ये दडलेले सत्य नसून संस्थेने घ्यायचा निर्णय आहे, आणि पुष्कळदा हिशेब विभागाने एक आणि विक्री विभागाने दुसरा असा तो दोनदा घेतलेला असतो. अशा व्याख्या एका जागी, साध्या भाषेत आणि क्वेरीच्या तुकड्यासह लिहून ठेवणे, कॉलमांच्या वर्णनात त्यांचा अर्थ आणि संभाव्य किमती नोंदवणे, कोणते टेबल आता वापरात नाही हे सांगणे, हे रटाळ वाटणारे काम यंत्रणेच्या गुणवत्तेवर मॉडेल बदलण्यापेक्षा जास्त परिणाम करते, असा माझा अनुभव आहे. ‘स्थिती’ नावाच्या कॉलममध्ये १, २ आणि ७ असे आकडे असतील, तर ७ चा अर्थ कोणतीही बुद्धिमत्ता तर्काने काढू शकत नाही. तो कोणीतरी लिहूनच ठेवावा लागतो.

सुरक्षेविषयी थोडक्यात, कारण त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. ‘काहीही पुसू नकोस’ असे मॉडेलाला सांगणे हे संरक्षण नव्हे. डेटाबेसमध्ये त्याला फक्त वाचण्याचाच अधिकार असलेले खाते द्यावे. विचारणाऱ्या व्यक्तीला जे पाहण्याची परवानगी आहे तेवढेच तिच्या वतीने चालणाऱ्या क्वेरीला दिसावे, आणि हे बंधन डेटाबेसने ओळींच्या पातळीवर पाळावे. वेळेची आणि ओळींची मर्यादा घालावी, कारण एक निष्काळजी जोडणी चालू कामकाज रोखू शकते आणि क्लाउडवरच्या काही डेटाबेसमध्ये वाचलेल्या डेटाच्या प्रमाणात पैसे पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल ही मॉडेलांना बाहेरच्या साधनांशी आणि डेटाशी जोडण्याची खुली प्रमाण पद्धत प्रसिद्ध केल्यापासून मॉडेलांना वेगवेगळे डेटाबेस जोडणे बरेच सोपे झाले आहे. जोडणे सोपे झाले की अधिकारांची काळजी जास्त घ्यावी लागते. तक्रारींच्या मजकुरातच कोणी मॉडेलासाठी सूचना लिहून ठेवू शकतो आणि मॉडेल ती वाचताना आज्ञा समजू शकते, हेही धरून चालावे लागते.

एखादी नवी यंत्रणा हाती आली की मी तिला आधी असे प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरे हाताने काढून ठेवलेली असतात, आणि नंतर असा एक प्रश्न विचारतो ज्याचे उत्तर जोडलेल्या कोणत्याही डेटाबेसमध्ये नाही. उदाहरणार्थ, ग्राहकांचे वय कुठेच नोंदवलेले नसताना तिशीच्या आतल्या ग्राहकांची संख्या. काही यंत्रणा खाते उघडल्याच्या तारखेवरून काहीतरी आकडा काढून देतात. ज्या यंत्रणेने सांगितले, की चारही डेटाबेसमध्ये वय किंवा जन्मतारीख असा कॉलम नाही, खाते उघडल्याची तारीख आहे पण तिच्यावरून वय ठरत नाही, आणि हवे असल्यास खात्याच्या जुनेपणानुसार विभागणी देता येईल, तिला मी पुढचा, खरा प्रश्न विचारतो.